घाटातली ओटी

पाठीवर नारळ घेऊन सायकलीने घाट चढलेली बाई आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात मी एकटीच असेन. बाहेरच्या खोलीत भिंतीवर त्या मोठ्या शर्यतीचं पदक लटकतंय. घरी येणारा प्रत्येक जण त्याच्याबद्दल विचारतो. नारळाबद्दल कुणी विचारत नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं म्हणा.

त्या दिवशी पहाटे संग्राम स्वयंपाकघरात उभा राहून उकडलेल्या बटाट्यांना मीठ चोळत होता. मी सायकलीच्या चाकात हवा भरत होते.

"कुठं थांबू?" त्याने विचारलं.

"बावड्याच्या पुढं. घाट जिथं उतरायला लागतो, तिथं वर."

"बरं."

दोन वर्षं आमच्या घरात हा एकच शब्द चालत होता. भाजी संपलीय. बरं. मी आईकडे जाऊन येते. बरं. भांडण म्हणाल तर नव्हतं. संग्राम फौंड्रीत जायचा, मी माझ्या लॅबमध्ये लोकांच्या दंडातून रक्त काढायची, संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर ताटं घेऊन बसायचो. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं मला सगळंच झालं होतं. लोक मात्र कौतुक करायचे. आपली हर्षला किती खंबीर बाई, एवढं झालं पण डोळ्यांतून टिपूस नाही. मला त्यात काही खंबीर वाटत नव्हतं. रडूच येत नसेल तर खंबीर राहायला कष्ट कसले?

एवढं झालं म्हणजे काय, ते आधीच सांगून टाकते. आमची मुलगी सहाव्या महिन्यात पोटातच गेली. दिवस राहिले तेव्हाच मी सायकल आणि पळणं सोडलं होतं. पोहणं तेवढं ठेवलं होतं, हलकं, डॉक्टरांना विचारून. दोष वारेत होता, पोहण्याशी याचा काडीचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. तरी दवाखान्याच्या व्हरांड्यात सासूबाई बोलल्याच, की पोटुशी बाई पाण्यात काय करत होती म्हणून. दार उघडं होतं आणि मी जागी होते. संग्राम त्यांच्याशेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. आई, गप्प बस, एवढंसुद्धा नाही. पुढच्याच रविवारी माझी ओटी भरायची होती. हिरवी साडी आणलेली होती, फुलांचे दागिने सांगून ठेवले होते.

पुढे सासूबाई ते विसरल्या. माझ्यासाठी बदामाचा शिरा करून पाठवायला लागल्या. पण मला त्यांचं काही नव्हतंच. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की संग्रामलाही तसंच वाटत होतं का? त्याला विचारायचं म्हणून कितीदा तरी तोंड उघडलं आणि डाळीत मीठ कमी आहे का, असं काहीतरी विचारून परत मिटलं.

मग एक दिवस मी त्या शर्यतीत नाव घातलं. आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, सगळं एकाच दिवसात, हे मी पूर्वीही केलेलं होतं. ही त्याच्यापेक्षा खुळी होती. पोहायचं ते बर्फ वितळून झालेल्या तळ्यात, सायकल डोंगरातनं, आणि पळणं संपतं ते एका शिखरावर. वाटेत पाण्याचं टेबल नाही, केळी देणारं कुणी नाही. आपला सोबती आपणच न्यायचा. त्याने गाडीतून पुढं जाऊन ठरल्या जागी थांबायचं आणि खायला द्यायचं. आणि शेवटचा चढ त्या सोबत्याने आपल्याबरोबर पायी चढायचा. सोबती मागं राहिला तर तुमची शर्यत धरत नाहीत.

संग्रामला म्हटलं, सोबती म्हणून तुझं नाव देते. तो म्हणाला, बरं. त्याचं पोट तेव्हा पट्ट्याच्या वर आलं होतं आणि फौंड्रीचा जिना चढला तरी त्याला धाप लागायची. चालायला सुरुवात कर, असं मी दोनचारदा सुचवलं. त्यालाही बरं म्हणाला आणि गाडीत बसून राहिला. मीही फार लावून धरलं नाही. मला तरी त्या शर्यतीचं काय पडलं होतं? अंगाला काही जाणवत नाही ना, मग आणखी जोरात काहीतरी करून बघावं, एवढाच माझा हिशेब.

सराव शिकवणारे बागल सर मात्र काटेकोर. खंडानंतर परत सुरू करतेस, तर मनगटावरच्या घड्याळात नाडीची हद्द लावून दिलीय, ती ओलांडली की घड्याळ वाजणार, वाजलं की हळू व्हायचं. त्या घड्याळाने मला वात आणला होता. राजाराम तलावात पोहताना वाजे, सायकलीवर वाजे. मला आत काही म्हणता काही वाटत नव्हतं आणि घड्याळ आपलं ओरडून सांगत होतं की वाटतंय.

तर सरावाच्या त्या दिवशी मी उजाडता उजाडता निघाले. डिसेंबर होता, धुकं होतं. बालिंग्याच्या पुलावर समोरचं दिसत नव्हतं. साखर कारखाने चालू होते, त्यामुळे रस्त्यावर ट्रॅक्टर, प्रत्येकाच्या मागे दोन दोन ट्रॉल्या, उसानं लदलेल्या, आणि कर्णा लावून गाणी. गुऱ्हाळांचा वास येत होता. पूर्वी या वासाने मला भूक लागायची. कळे गावाच्या पुढे एक ट्रॉली इतकी खेटून गेली, की बाहेर आलेली उसाची टोकं हाताला खरडून गेली. ट्रॅक्टरवाला वळून काहीतरी ओरडला. मला भीती वाटली नाही. आता भीती वाटायला हवी होती, एवढं कळलं. मी पाय मारत राहिले.

असळज गेलं, गगनबावडा गेलं. घाट जिथं उतरायला लागतो तिथं संग्रामची गाडी उभी दिसली. ठरल्याप्रमाणे मी न थांबता खाली गेले. घाट पूर्ण उतरायचा, वळायचं आणि परत चढून यायचं, मग खायला मिळणार, असं ठरलं होतं. उतरणं सोपं होतं. चढताना मात्र अर्ध्यातच पायांनी हात टेकले. पाणी संपलं. घड्याळ वाजायचं थांबेना. वर पोचायला शेवटची थोडी वळणं राहिली असताना रस्त्याच्या आतल्या अंगाला एक घर दिसलं. सारवलेलं अंगण, दोन शेळ्या, आणि दारात शेंगा फोडत बसलेली एक म्हातारी. मी उतरले आणि पाणी मागितलं.

तिने तांब्या दिला आणि माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"डोक्यावरचं ते भांडं काढ आनि बस वाईच," ती म्हणाली. "कुठनं आलीस?"

कोल्हापूरहून सायकलीवर, असं सांगितल्यावर तिने आज एसटी बंद आहे काय ते विचारलं. बंद नाही, मुद्दाम आले, म्हटलं. मालक कुठायत? वर गाडी घेऊन थांबलेत. यावर ती शेंगा फोडायची थांबली. घरात मोटार असताना बायकोला सायकलीवर घाट चढायला लावणाऱ्या पुरुषाबद्दल ती जे बोलली, ते संग्रामला मी आजवर सांगितलेलं नाही.

मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "अगं, रगात आलंय की. कोपरापतूर आलंय. कळलं न्हाई तुला?"

"नाही," मी म्हटलं. खरंच कळलं नव्हतं. उसाचं पातं चांगलं फाडून गेलं होतं.

तिने पदराचा कोपरा ओला करून ते पुसलं. पुसता पुसता सगळ्या बायका विचारतात तेच विचारलं, "लेकरं किती?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असायचं. अजून नाही. म्हणायचं, थोडं हसायचं, विषय संपायचा. त्या दिवशी धाप अजून बसली नव्हती की काय कोण जाणे, भलतंच तोंडातून गेलं.

"होती एक. मुलगी. पोटातच गेली."

म्हातारी देवाची मर्जी म्हणाली नाही, अजून वय आहे म्हणाली नाही. हात पुसून झाला, तशी उठून आत गेली. मी शेळ्यांकडे बघत बसले.

ती बाहेर आली ती सूप घेऊन. त्यात तांदूळ, एक नारळ आणि कुंकवाचा करंडा. "ऊठ. दारात आल्याली बाई मोकळी न्हाई पाठवत आमी." एवढं म्हणून ती जागच्या जागी थांबली. तिचं स्वतःचं कपाळ उघडं होतं, ते तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "सून बाजाराला गेलीया. ती आसती तर तिनंच भरली आसती. माझं हे आसं. मी भरल्याली चालंल का तुला?"

त्याच वर्षी मी जावेच्या डोहाळजेवणाला गेले होते. चांगली साडी नेसून पुढच्या सतरंजीवर बसले होते. ओटी भरायला एकेकीला हाक मारत होते. माझं नाव आलं नाही. आतल्या खोलीत कुणीतरी हळूच म्हणालं, हिला नको. मी जिलेबी खाल्ली, जिलेबीला छान म्हटलं आणि घरी आले. तेव्हाही काही वाटलं नव्हतं.

"चालेल," मी म्हातारीला म्हटलं. "माझी भरायला तुम्हाला चालेल का?"

तिला प्रश्न कळला नाही, किंवा कळून उत्तर द्यावंसं वाटलं नाही. तिने करंडा पुढं केला. "कुकू तुझं तू लाव." मी घामाच्या बोटाने लावलं, ते ओघळलं. मग ती तांदळाची ओंजळ भरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी अंगाला चिकटलेला सायकलीचा तोकडा शर्ट घातलेला. पदर नाही, ओढणी नाही.

"कशात भरू गं?"

मी शर्टाची खालची कड दोन्ही हातांनी पुढं ताणली. ते कापड सोडलं की परत अंगाला बसणारं. जेमतेम झोळी झाली. तिने त्यात तांदूळ घातले, वर नारळ ठेवला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही. तेवढ्यात घड्याळ वाजलं, या वेळी नाडीसाठी नाही. फार वेळ बसलीस, निघ, असं ते सांगत होतं. मी घाईघाईत तांदूळ रुमालात बांधले. आमच्या शर्टाला पाठीवर खिसे असतात, त्यातल्या मधल्या खिशात नारळ कोंबला, बाजूच्यात पुरचुंडी, आणि येते म्हणून निघाले. वाकून नमस्कारही केला नाही.

आमच्यातले लोक सायकलीचं वजन कमी करायला पाण्याच्या बाटलीची जाळीसुद्धा हलकी शोधून आणतात. आणि मी नारळ घेऊन घाट चढत होते. पाय मारला की नारळ डावीकडे, पाय मारला की उजवीकडे, मधूनच माकडहाडावर ठोसा. सहाव्या महिन्यात तीही अशीच, ध्यानीमनी नसताना ठोसा द्यायची. तो आतून असायचा. हा बाहेरून होता आणि दुखत होता. कोपरही दुखायला लागलं होतं. घड्याळ वाजत राहिलं. मी हळू झाले नाही.

वर संग्राम गाडीच्या मागे घडीची खुर्ची टाकून, बटाट्यांचा डबा उघडून तयार होता. मी सायकल गाडीला टेकवली आणि रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यावर बसले. त्याने बटाटा हातात दिला आणि त्याला पाठीवरचा फुगा दिसला.

"पाठीत काय?"

"नारळ. खाली एका आज्जींनी ओटी भरली."

तो हसायच्या बेतात होता. मग हसला नाही. खाली बसला, माझ्यापासून हातभर लांब. समोर दरीत धुकं विरायला लागलं होतं. कपाळावरचं कुंकू त्याला दिसत असणार, नाकापर्यंत आलं होतं ते.

"दवाखान्यात आई जे बोलल्या," मी म्हटलं, "तुलाही तसंच वाटतं?"

मला अपेक्षा होती, कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, असं काहीतरी तो करेल. तो हातातल्या बटाट्याची साल काढत राहिला. सगळी काढली.

"वाटायचं," तो म्हणाला.

"कधीपर्यंत?"

"सांगता येणार नाही. डॉक्टर काय म्हणाले ते कळत होतं मला. तरी वाटायचं. तू त्या निळ्या पिशवीत पोहायचे कपडे भरतेयस, एवढंच डोळ्यासमोर यायचं. मग कधीतरी बघतो तर वाटत नव्हतं."

"मग मला सांगायचंस तसं."

"काय सांगू, हर्षा? आता वाटत नाही म्हणून? म्हणजे आधी वाटत होतं, हे आलंच की त्यात."

मी हातातला बटाटा त्याला फेकून मारला. खांद्याला लागला, फुटला, मीठ शर्टभर झालं. तो हलला नाही. मी डब्यातला दुसरा घेतला आणि तोही मारला. मला राग आला होता. इतका राग आला होता, की कानशिलं तापली होती. दोन वर्षं हा माणूस माझ्या ताटाला ताट लावून जेवत होता, माझ्या सायकलीच्या साखळीला तेल घालत होता, आणि हे घेऊन बसला होता. मी त्याला नाही नाही ते बोलले. बोलता बोलता आवाज फाटला आणि मी रडायला लागले. शेंबूड, घाम, कुंकू, सगळं एक झालं. बावड्याकडून आलेल्या एका जीपने वेग कमी केला, संग्रामने हात हलवून तिला जायला सांगितलं.

तो सॉरी म्हणाला नाही, ते एक बरं केलं. पुष्कळ वेळाने माझं रडं ओसरलं, तेव्हा त्याने शर्टावरचा बटाटा झटकला आणि विचारलं, "दाणे परत दिलेस का?"

ओटी भरली की त्यातले चार दाणे भरणारीच्या सुपात परत टाकायचे असतात. सासूबाईंच्या घरात वाढलेला माणूस, त्याला हे बरोबर ठाऊक. मी विसरले होते.

"नाही."

"मग जाऊन देऊ. बस गाडीत."

"गाडीत नाही," मी म्हटलं. "चालत. शेवटचा चढ तुला चालायचाच आहे."

या वेळी तो बरं म्हणाला नाही. गाडीला कुलूप लावलं, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि पुढे निघाला. नारळ मी पाठीवरच ठेवला होता. घड्याळ काढून त्याच्या खिशात टाकलं.

म्हातारी अंगणातच होती. मी पुरचुंडी सोडून चार दाणे तिच्या सुपात टाकले आणि आता वाकून नमस्कार केला. तिने संग्रामला नीट बघून घेतलं. "हे व्हय मालक?" तिने पाणी आणून दिलं. तो उभ्यानेच प्यायला. त्याच्या शर्टावरचं मीठ तिने बघितलं, माझे डोळे बघितले आणि त्याबद्दल काही विचारलं नाही. दुसरंच विचारलं, तेही त्याला.

"लेकीचं नाव काय ठिवलं हुतं?"

नाव कुठलं? बारसं झालं तर नाव. दवाखान्याच्या कागदावर माझंच नाव होतं, त्याच्यापुढे बाळ. नाव नव्हतं ठेवलं आज्जी, असं सांगायला मी तोंड उघडलं.

"शरयू," संग्राम म्हणाला.

त्याने विचार केला नाही, माझ्याकडे बघितलं नाही. आपलं स्वतःचं नाव सांगावं तसं सांगितलं आणि रिकामा तांब्या तिच्या हातात दिला. मी ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

"चांगलं हाय," म्हातारी म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

आम्ही रस्त्यावर आलो आणि चढायला लागलो. पहिल्या वळणालाच त्याला धाप लागली. कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला, मीही उभी राहिले. पाठीवर नारळ होता, कोपर ठणकत होतं. त्याला म्हटलं, परत सांग. त्याला श्वास पुरत नव्हता, तरी त्याने परत सांगितलं.